मागणी आणि पोच

दुकानात उभे राहून माल घेताना वस्तू आणि पैसे एकाच क्षणी हात बदलतात. दूरच्या दुकानातून माल मागवला की या दोहोंची ताटातूट होते आणि मधल्या काळात कुणीतरी एक पक्ष दुसऱ्याच्या भरवशावर राहतो. पैसे आधी धाडले तर गिऱ्हाईक धास्तावते, माल आधी धाडला तर दुकानदार. भारतातल्या घरपोच व्यापाराचा इतिहास मुख्यतः या मधल्या काळाचा आहे: तो कसा आखडत गेला, आणि जिथे आखडला नाही तिथे सुसह्य कसा झाला. ऑनलाइन दुकानांच्या ‘उद्या मिळेल’ आणि ‘दहा मिनिटांत मिळेल’ या बोलीमागे हाच प्रश्न आहे. टपालखात्याने तो सव्वाशेहून अधिक वर्षे आधी एका वेगळ्या वाटेने सोडवून पाहिला होता.

पेशवाईत राजकारणाची पत्रे जासूद नेत. सराफ-सावकारांचा जोखमीचा ऐवज त्यांची विश्वासू माणसे नेत. गुजरातेत अशांना आंगडिया म्हणतात आणि सुरत-मुंबईदरम्यान हिऱ्यांच्या पुड्या नेण्याचा त्यांचा धंदा आजही चालू आहे. ही वाहतूक जलद आणि खात्रीची होती, पण ती राज्यकर्त्यांची आणि पेढीवाल्यांची. दोन लुगड्यांसाठी किंवा एका पोथीसाठी कुणी धावत नसे. सामान्य माणसाला दूरवरचे काही हवे असेल तर जत्रा, यात्रा किंवा गावाकडे येणारा पाहुणा एवढेच मार्ग होते.

१८५४ मध्ये टपालाची नवी व्यवस्था आली आणि पावतोळ्याच्या पत्राला अर्धा आणा पडला की ते देशात कुठेही जाऊ लागले. अंतरानुसार हशील आकारण्याची जुनी रीत मोडली, हा यातला खरा बदल. सोलापूरच्या माणसाला पुण्याच्या दुकानाला लिहिणे आणि कलकत्त्याच्या दुकानाला लिहिणे आता सारख्याच खर्चाचे झाले. मालाचे मात्र अजून तसे नव्हते. पार्सले खांद्यावरच्या कावडीतून जात. या कावडीला हिंदीत बहंगी म्हणतात आणि त्यावरूनच जुन्या मराठीत पार्सलाला ‘बंगी’ हा शब्द आला. आगगाडी मुंबईहून ठाण्याला १८५३ मध्येच धावली होती, पण मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडले जायला १८७० साल उजाडले.

या सतरा वर्षांत टपालखात्याने आणखी एक गोष्ट केली, जी रेल्वेइतकीच महत्त्वाची ठरली. १८६३ मध्ये अलाहाबाद आणि कानपूरदरम्यान धावत्या गाडीतच टपालाची छाननी सुरू झाली. तोपर्यंत थैली एखाद्या मोठ्या गावी उतरे, तिथे पत्रे वेगळी होत आणि पुढच्या गाडीची वाट पाहत पडून राहत. आता प्रवासाचा वेळच छाननीला लागला. गाडीचा वेग तोच राहिला. थांबण्याचा वेळ कमी झाला. आजच्या कुरिअर आणि ऑनलाइन कंपन्यांची घाई पाहिली तरी बहुतेक ठिकाणी हेच दिसते, की वाहन फारसे जोरात पळत नसते, माल कमी काळ पडून राहत असतो.

डिसेंबर १८७७ मध्ये टपालखात्याने ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धत सुरू केली. मराठी माणसाच्या तोंडी ती कायमची ‘व्ही.पी.’ झाली. दुकानदाराने पार्सलावर किंमत लिहून ते टपालात द्यायचे, पोस्टमनने ती किंमत घेऊनच ते पत्तेवाल्याच्या हाती ठेवायचे आणि वसूल झालेली रक्कम खात्याने दुकानदाराला पाठवायची. १८८० पासून मनीऑर्डरचे काम सरकारी तिजोऱ्यांकडून टपालाकडे आले आणि हे चक्र पूर्ण झाले. आता गिऱ्हाइकाने अनोळखी दुकानदारावर विश्वास ठेवायचा नव्हता, दुकानदारानेही अनोळखी गिऱ्हाइकावर ठेवायचा नव्हता. दोघांनी पोस्टमनवर ठेवायचा होता, आणि तो तर रोज दारात येणारा. अमेरिकेत टपालाने पार्सलांची सर्वसाधारण सेवाच १ जानेवारी १९१३ रोजी सुरू केली आणि माल देताना पैसे वसूल करण्याची सोय त्याच वर्षीच्या जुलैत. माल हातात पडल्यावर पैसे देण्याची ही रीत भारतात तिथल्यापेक्षा पस्तीस वर्षे जुनी आहे, हे ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ला नव्या युगाची युक्ती समजणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

व्ही.पी.मुळे जाहिरातीला पाय फुटले. मराठी आणि गुजराती वर्तमानपत्रांची मागची पाने औषधांच्या जाहिरातींनी भरू लागली. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, मुंबईचे डोंगरे बालामृत, १८९३ मध्ये मुंबईतच जन्मलेले अमृतांजन ही नावे छापील जाहिरातीतूनच तालुक्याच्या गावी पोचली. पुस्तके, पंचांगे, घड्याळे, बियाणे अशी हलकी आणि न नासणारी वस्तू या वाटेने सहज जाई. जड सामानासाठी वेगळी तोड निघाली. माल रेल्वेने पाठवायचा आणि त्याची रेल्वे पावती तेवढी व्ही.पी.ने धाडायची. गिऱ्हाइकाने पोस्टात पैसे भरून पावती सोडवायची आणि ती स्टेशनावर दाखवून माल ताब्यात घ्यायचा. जिथे स्टेशन होते तिथे पेठ आली, असे व्यवहारात झाले.

भरवसा आला तसा लबाडीलाही वाव मिळाला. पार्सल उघडून पाहण्याआधी पैसे मोजावे लागत, म्हणून आत भलतेच काही घालून पाठवणारे निघाले. कुणी मागणी नसताना नुसती पार्सले पाठवून भिडस्त लोकांकडून पैसे उकळू लागले. १८९८ च्या टपाल कायद्यात याची दखल आहे. पाठवणाऱ्याने पार्सल खऱ्याखुऱ्या मागणीवरून धाडले असल्याचे लिहून द्यावे अशी अट घालण्याची आणि फसवणुकीची तक्रार आल्यास वसूल झालेली रक्कम रोखून गिऱ्हाइकाला परत करण्याची तरतूद त्यात केली होती. ‘नापसंत असल्यास पैसे परत’ या आजच्या आश्वासनाचे हे सरकारी, जरा रुक्ष पूर्वरूप.

उलट बाजूची तक्रार मराठी संपादकांची होती. वर्षाची वर्गणी संपली की मासिके पुढचा अंक व्ही.पी.ने पाठवत, आणि पोस्टमन दारात आल्यावर वर्गणीदार तो नाकारत. जाण्यायेण्याचे हशील प्रकाशकाच्या बोकांडी. नको असल्यास आधी पत्राने कळवा, व्ही.पी. परत करू नका, अशा विनवण्या तेव्हाच्या मासिकांत पुन्हा पुन्हा दिसत. मागणी टाकताना उत्साह असतो, खिशात पैसे असतात. पोच होईपर्यंत दोन्ही ओसरतात. दिवस जितके अधिक जातील तितकी नकाराची शक्यता अधिक. पुढे ऑनलाइन दुकानांनी जलद पोच करण्यावर जो पैसा ओतला त्यामागचे एक मोठे कारण हेच होते, पण ते जाहिरातीत सांगितले जात नाही.

त्याच काळात एका इंग्रजी दुकानाने दुसरी वाट धरली. लंडनचे आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना जाडजूड सूचीपत्र पाठवून माल विके. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावरही मागणीचे पत्र जायचे आणि माल बोटीने यायचा म्हणजे आठवडे जात. तेवढ्यात अधिकाऱ्याची बदलीही होऊन जाई. अखेर दुकानाने १८९१ मध्ये मुंबईत आणि १९०१ मध्ये कलकत्त्यात आपली शाखा उघडली. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही इमारत त्या व्यवहाराची खूण म्हणून उभी आहे. बोट जोरात पळवता येत नव्हती, म्हणून माल आधीच आणून गिऱ्हाइकाजवळ ठेवला. वेग वाढवण्याचा याहून साधा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

गावातल्या गावात घरपोचीला यातले काही लागत नसे. वाण्याकडे महिन्याची यादी पाठवली की पोऱ्या संध्याकाळपर्यंत पोते-डबे आणून टाकी, आणि हिशेब खात्यावर चढे. ओळख आधीची असल्यामुळे मधला काळ कुणाला बोचत नसे. मुंबईच्या डबेवाल्यांनी अनोळखी शहरात हीच शिस्त वेळेच्या बळावर उभी केली. हे काम १८९० मध्ये महादू हवाजी बच्चे यांनी सुरू केल्याचे मानले जाते. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडची माणसे त्यात आली. सकाळी घरून उचललेला डबा लोकलने जाऊन दुपारच्या जेवणाआधी टेबलावर आलाच पाहिजे. त्यासाठी डब्यावर रंगाने लिहिलेली अक्षरे आणि आकडे हाच पत्ता. त्यांच्याबद्दल बरीच अतिशयोक्ती पसरली आहे. ‘फोर्ब्स’ मासिकाने त्यांना अचूकतेचे ‘सिक्स सिग्मा’ प्रमाणपत्र दिल्याची गोष्ट व्याख्यानांत हटकून येते, असे प्रमाणपत्र मासिके देत नसतात. पण डबेवाल्यांचे मर्म प्रमाणपत्राशिवायही कळते. त्यांचा डबा लवकर येतो म्हणून लोक खूश नव्हते, तो एका वेळेला येतो म्हणून होते. अकराला आलेला डबा आणि दोनला आलेला डबा सारखाच निरुपयोगी.

मुंबई ग्राहक पंचायतीचे उदाहरण तर घाईच्या अगदी उलट टोकाचे आहे. १९७५ च्या गुढीपाडव्याला ती स्थापन झाली. तिच्या उभारणीत बिंदुमाधव जोशी आणि संगीतकार सुधीर फडके यांचा पुढाकार होता. जवळपास राहणाऱ्या काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, ठरल्या दिवशी ट्रक एका सभासदाच्या घरी माल उतरवून जाणार आणि बाकीच्यांनी तो तिथून वाटून न्यायचा. महिन्यातून एकदाच येणारा हा माल अनेक वर्षे लोकांनी आनंदाने घेतला, कारण भाव रास्त होता, दर्जा तपासलेला होता आणि तारीख ठरलेली होती. जलद पोच म्हणजेच समाधान असे सरसकट समीकरण मांडणाऱ्यांनी हा हिशेब पाहायला हरकत नाही. गहू-तांदूळ महिन्याचा भरायचा असतो; त्याला दहा मिनिटांची घाई कुणी केव्हा लावली, ते पुढे येईल.

स्वातंत्र्यानंतर टपालाच्या वेगातली सर्वांत देखणी कल्पना नागपुरात आकाराला आली. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरत, आपापसांत थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत आपल्या शहरी परतत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात. चार शहरे एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागले असते; देशाच्या मध्यावर एक गाठ मारल्याने चारात भागले. अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेसने १९७३ च्या एप्रिलमध्ये मेम्फिस शहरी हीच रीत १४ विमाने आणि १८६ पाकिटांनिशी सुरू केली आणि ती व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत गेली. नागपूरची सेवा टपालखात्याच्या कागदपत्रांत राहिली.

दुसरी मोठी भर पत्त्याची. एकाच नावाची गावे, तीन-चार लिप्या, वाचता न येणारे हस्ताक्षर यांत टपालाचा बराच वेळ छाननीतच जाई. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड लागू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या केंद्रीय दळणवळण मंत्रालयातल्या मराठी अधिकाऱ्याने केली होती. संस्कृतात काव्य आणि नाटके लिहिणारे म्हणून ते अभ्यासकांना जास्त परिचित आहेत. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननी जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन त्या पोस्टाचे. देशाच्या आठ विभागांना आठ आणि लष्करी टपालाला नववा. त्यात भाषा नाही, लिपी नाही. आज कुठल्याही ऑनलाइन दुकानात वस्तू निवडल्यावर पहिला प्रश्न पिनकोडचा येतो. तो टाकल्याबरोबर माल कुठल्या गोदामातून निघेल, कधी पोचेल आणि तिथे रोख पैसे घ्यायचे की नाही, हे सगळे त्या सहा आकड्यांवरून ठरते. ज्या खात्याशी या कंपन्या स्पर्धा करतात त्याच खात्याचा नकाशा त्या वापरतात.

यानंतर खासगी कुरिअरचे युग आले, आणि ते फारसा गाजावाजा न करता आले. ब्लू डार्ट १९८३ मध्ये मुंबईत निघाली. टपालखात्याने १ ऑगस्ट १९८६ पासून स्पीड पोस्ट सुरू केले. दोघांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने कचेऱ्या, बँका आणि कारखाने. घरासाठी माल मागवणारा अजूनही व्ही.पी.वर किंवा बाजारातल्या फेरीवरच होता.

इंटरनेटवरची विक्री भारतात १९९९ च्या सुमारास दिसू लागली. बंगळुरूचे फॅबमार्ट त्या पहिल्या फळीतले. दुकान पडद्यावर आले, पण पोच जुनीच राहिली. याचा गमतीदार नमुना रेल्वेच्या तिकिटांत सापडतो. आयआरसीटीसीने २००२ मध्ये इंटरनेटवर आरक्षण सुरू केले तेव्हा तिकीट क्षणात काढता येई, पण छापील कागद कुरिअरने घरी येई, आणि तो येईपर्यंत दोन-तीन दिवस हाताशी ठेवूनच आरक्षण करावे लागे. स्वतः छापून नेण्याचे ई-तिकीट २००५ मध्ये आले.

फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळुरूत सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी सुरू केले, तेही पुस्तकांपासून. पुस्तक ही व्ही.पी.च्या काळापासून पाठवायला सोयीची वस्तू: फुटत नाही, नासत नाही, मापाची भानगड नाही. पहिल्या मागणीचे पुस्तक गोदामात नव्हतेच, गोदामही नव्हते. ते शहरातल्या दुकानांत हिंडून मिळवावे लागले. सुरुवातीची अडचण पैशांची होती. बहुतेकांकडे क्रेडिट कार्ड नव्हते, आणि १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला दुसऱ्या पडताळणीची सक्ती केल्यावर मंद इंटरनेटवर व्यवहार अर्ध्यात तुटे. २०१० मध्ये फ्लिपकार्टने माल हातात पडल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली आणि त्याच सुमारास स्वतःची पोचयंत्रणा उभारायला घेतली. परक्या कुरिअरवाल्याकडून रोकड आठवड्यांनी परत येई, पार्सल कुठे अडकले ते कळत नसे आणि रुसलेले गिऱ्हाईक दोष मात्र दुकानाला देई. व्ही.पी.त पोस्टमन दोन्ही पक्षांचा तिऱ्हाईत होता. आता दारात येणारा माणूस दुकानाच्याच गणवेशातला होता. वेगाचा ताबा दुकानाकडे आला, त्याबरोबर सगळ्या चुकांचे उत्तरदायित्वही.

ॲमेझॉनने ५ जून २०१३ रोजी भारतात विक्री सुरू केली आणि पहिले गोदाम भिवंडीत थाटले. हातमाग आणि यंत्रमागाचे हे गाव देशाच्या घरपोच व्यापाराच्या मध्यभागी कसे आले, याचे उत्तर जकातीत आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर जकात भरावी लागे. माल हद्दीबाहेर ठेवला आणि विकला जाईल तेवढाच आत आणला तर पैसा अडकत नसे. म्हणून पूर्णा, काल्हेर, दापोडे, माणकोली या नाशिक महामार्ग आणि ठाण्यालगतच्या गावांच्या भातखाचरांत गाळे उभे राहिले. औषधे, कापड, रंग, टायर, मग मोबाइल. जमीन स्वस्त, हमाल आणि ट्रक हाताशी, न्हावाशेवा बंदर आवाक्यात. जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर गेली, गोदामे राहिली आणि वाढली. कर चुकवण्यासाठी शहराच्या वेशीवर ठेवलेला माल वेगाच्या कामी आला, ही या इतिहासातली एक अनपेक्षित कडी आहे.

अशा गोदामात काम कसे चालते, यात जलद पोचीचे बरेचसे गुपित आहे. कोणत्या भागात काय खपते याचा जुन्या मागण्यांवरून अंदाज बांधून माल आधीच पसरून ठेवतात. पुण्यात खपणारी कढई मागणी येण्यापूर्वीच पुण्याजवळ आलेली असते. दिवसाची एक वेळ ठरलेली असते, तिच्या आत आलेली मागणी त्याच रात्रीच्या ट्रकमध्ये चढते. फळीवरून वस्तू काढणे, खोक्यात भरणे, पिनकोडनुसार लावणे, रात्री प्रवास, पहाटे वस्तीच्या केंद्रावर उतरवणे आणि सकाळी मोटारसायकलवर लादणे: या साखळीत सर्वांत महाग कडी शेवटची असते. ट्रकमधून हजार खोकी एकदम जातात. दारापर्यंत एकेकच जाते, आणि त्यातही ‘हनुमान मंदिरामागे, पाण्याच्या टाकीजवळ’ असा पत्ता असला की फोन करावाच लागतो. फोन लागला नाही तर खोके परत केंद्रावर, दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी. म्हणून कंपन्यांनी वस्तीतल्या वाण्यांनाच हाताशी धरून त्यांच्या दुकानात पार्सले ठेवायला आणि वाटायला द्यायची सोयही करून पाहिली. वाण्याचा पोऱ्या पुन्हा कामाला लागला, फक्त माल दुसऱ्याचा.

या सगळ्याने गिऱ्हाइकाचे समाधान नेमके कशाने होते, ते व्यवहारातून हळूहळू स्पष्ट झाले. पहिली गोष्ट, सांगितलेली तारीख पाळणे. पाच दिवस सांगून चार दिवसांत आलेले खोके कौतुक मिळवते. दोन दिवस सांगून तीन दिवसांत आलेले तक्रार. दोघांत लवकर कोणते आले हे मग कुणी मोजत नाही. म्हणून दुकाने तारीख थोडी पुढची सांगायला शिकली. दुसरी गोष्ट, माल कुठे पोचला ते दिसणे. ‘भिवंडीहून निघाले’, ‘तुमच्या शहरात आले’, ‘आज मिळेल’ असे निरोप आले की वाट पाहण्यातली धास्ती जाते. पूर्वी हाती केवळ पत्राची नोंद असे आणि चौकशीला उत्तर यायलाच आठवडा लागे. तिसरी गोष्ट दुकानाच्या हिताची. रोख पैशाच्या मागणीत पोच जितकी जलद तितकी दारातून परत जाणारी खोकी कमी. संपादकांची व्ही.पी.ची रड नव्या नावाने तशीच चालू होती, आणि तिच्यावर जलद पोच हा उताराच होता. चौथी, परत घेण्याची तत्परता. चप्पल मापाला आली नाही तर ती न्यायला माणूस कधी येतो, यावर पुढची खरेदी अवलंबून असते. कपड्यांच्या आणि पादत्राणांच्या विक्रीत तर हा परतीचा वेग पोचीइतकाच महत्त्वाचा.

बोली मोठी आणि तयारी अपुरी असली की काय होते, ते ६ ऑक्टोबर २०१४ च्या फ्लिपकार्टच्या मोठ्या विक्रीत दिसले. संकेतस्थळ कोलमडले, माल संपला, घेतलेल्या मागण्या रद्द झाल्या आणि संस्थापकांना ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली. पुढच्या वर्षांत सणासुदीआधी हंगामी माणसे आणि जादा जागा घेणे हा नियमच झाला. अमेरिकेत २००५ मध्ये वर्षाची वर्गणी घेऊन दोन दिवसांत पोच देणारी ‘प्राइम’ योजना ॲमेझॉनने काढली होती, ती जुलै २०१६ मध्ये भारतात आली. वेग आता विकायची वस्तू झाला. वर्गणी भरलेली असल्याने माणूस लहानसहान गोष्टीही तिथूनच मागवतो, हा त्यातला व्यापारी हिशेब.

२०१६ च्या नोटाबंदीत काही कंपन्यांनी रोख पैसे घेणे तात्पुरते थांबवले किंवा त्यावर मर्यादा घातली. पुढे यूपीआय रुळल्यावर दारातच मोबाइल दाखवून पैसे देता येऊ लागले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर जीवनावश्यक वस्तूंशिवाय ऑनलाइन विक्रीलाही मनाई होती. भाजी, दूध, किराणा हेच घरपोच यायचे आणि तेही उशिरा. किराण्याच्या घरपोचीची सवय याच महिन्यांत पक्की झाली.

या सवयीवर दहा मिनिटांच्या पोचीची इमारत उभी राहिली. स्विगीने इन्स्टामार्ट २०२० मध्ये सुरू केले. झेप्टो २०२१ मध्ये मुंबईत निघाली आणि तिचे नाव सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशावरून घेतले आहे. २०१३ पासून किराणा विकणाऱ्या ग्रोफर्सने २०२१ च्या अखेरीस ‘ब्लिंकिट’ हे नाव घेतले. तिघांची रीत एकच. वस्तीच्या आत, दोन-तीन किलोमीटरच्या टापूत लहान गोदामे. त्यांना डार्क स्टोअर म्हणतात, कारण तिथे गिऱ्हाईक शिरत नाही. मांडणी अशी की भरणारा माणूस दोन-तीन मिनिटांत पिशवी तयार करतो. आर्मी अँड नेव्हीने समुद्र वाचवला, भिवंडीने महामार्ग, इथे दोन चौक वाचवले. जो माल महिन्याचा भरायचा तो आता कोथिंबिरीच्या जुडीसह दिवसातून दोनदा येऊ लागला. घरातल्या फडताळाचे काम कोपऱ्यावरच्या गोदामाने उचलले, आणि विसरभोळेपणाला मोल लागले.

वेळेची हमी आणि रस्ता यांचे वैर मात्र जुने आहे. अमेरिकेत डोमिनोजने तीस मिनिटांत पिझ्झा देण्याची हमी अपघातांच्या खटल्यांनंतर १९९३ मध्ये मागे घेतली. भारतातल्या कंपन्या म्हणतात, वेळ अंतर कमी करून वाचतो, गाडी पळवून नाही. मांडणी पाहता यात तथ्य आहे. पण माल पोचवणाऱ्या स्वाराला पैसे फेरीमागे मिळतात आणि ठरावीक फेऱ्या झाल्यावर वरकड. तेव्हा घाई त्याच्या कमाईतच घातलेली असते, ती ॲपवर लिहावी लागत नाही. पोस्टमनला पगार, निवृत्तिवेतन आणि गणवेश होता. या स्वारांना कायद्यात ‘गिग कामगार’ हे नाव २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मिळाले, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करणारे पहिले राज्य २०२३ मध्ये राजस्थान ठरले. वाण्यांच्या बाजूनेही कुरबुर झाली. मालवितरकांच्या देशव्यापी संघटनेने २०२४ मध्ये या कंपन्यांच्या भावकपातीची तक्रार स्पर्धा आयोगाकडे नेली.

गिऱ्हाइकाच्या हक्काचे काम जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी केले. सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेणे विक्रेत्याला बंधनकारक झाले, आणि त्याच कलमात आणखी एक कारण घातले गेले: सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेला माल. नैसर्गिक आपत्तीसारखा अपवाद सोडला तर उशीर हेच परतीचे आणि परताव्याचे कायदेशीर कारण आता पुरते. १८९८ च्या कायद्याने मागणी खरी असल्याचे लिहून द्यायला लावले होते; या नियमांनी तारीख खरी असल्याची जबाबदारी घातली. टपालखात्यातही वर्गवारी बदलली आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात मिळवली गेली.